खरे सांगायला आडोसा लागतो

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला भरलेले ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बहुतेकांच्या लक्षात राहिले ते इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना आधी दिलेल्या आणि नंतर मागे घेतलेल्या निमंत्रणामुळे. त्या गदारोळानंतर उद्घाटनासाठी वैशाली येडे यांचे नाव पुढे आले आणि आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने संमेलनाचे उद्घाटन केले. त्यावर दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे, की आयोजकांनी स्वतःची अब्रू झाकण्यासाठी एका विधवेला पुढे केले. दुसऱ्याचे असे, की ज्या जिल्ह्यात इतकी घरे उघडी पडली त्या जिल्ह्यात याहून योग्य उद्घाटक मिळालाच नसता. दोन्ही तटांना येडे यांचे वैधव्य पुरेसे होते. त्यांच्याविषयीची दुसरी एक गोष्ट मात्र ओझरत्या उल्लेखापलीकडे फारशी गेली नाही. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'तेरवं' या नाटकात त्यांनी भूमिका केली होती, आणि त्या नाटकात अशाच घरांमधल्या बायका रंगमंचावर उभ्या राहत होत्या. संमेलनाच्या मांडवात आलेल्या त्या स्त्रीने नुसते सोसलेले नव्हते. सोसणे संवादात बसवून, त्याची तालीम करून, अनोळखी प्रेक्षकांसमोर उभे करण्याचा अनुभव तिच्या गाठीशी होता. साहित्याच्या उत्सवाला खरे तर याच गोष्टीत रस वाटायला हवा होता.

विदर्भातल्या खेड्यांचे दुःख सांगितले गेले नाही, अशी तक्रार आता कोणालाही करता येणार नाही. गेली वीसेक वर्षे ते वर्तमानपत्रांतून, वाहिन्यांवरून, अहवालांतून, विधिमंडळाच्या पायऱ्यांवरून आणि शोधनिबंधांतून अखंड सांगितले जात आहे. प्रश्न आहे तो ते कोणत्या रूपात सांगितले जाते आणि त्या रूपावर कोणाची मालकी असते, हा. माझे मत असे आहे, की ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याला आपले खरे सांगायचे असेल तर त्याला कलेचा आडोसा लागतो. तो आडोसा पुरवणे आणि तो सांगणाऱ्याच्याच ताब्यात ठेवणे ही सार्वजनिक जबाबदारी आहे. आणि आपण नेमके उलट करत आलो आहोत. आपण त्यांच्याकडे 'खरी घटना' मागतो, तीही आपल्याला हव्या त्या क्रमाने.

हा क्रम कसा ठरतो ते एखाद्या घरी चौकशी होताना पाहावे. माणूस गेला की ठाणेदार येतो, पटवारी येतो, मग तहसीलमधले लोक येतात. ओट्यावर किंवा अंगणात खुर्च्या टाकल्या जातात आणि प्रश्न सुरू होतात. सातबारा कोणाच्या नावावर आहे? पेरा कशाचा होता? कर्ज कोणत्या बँकेचे, किती, थकीत कधीपासून? वसुलीचा तगादा होता का? नोटीस आली होती का, असेल तर ती दाखवा. दारू प्यायचा का? घरात भांडण होते का? या चौकशीवर प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. २००६ च्या शासन निर्णयाने ठरवलेली १ लाख रुपयांची मदत, ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत, याच शब्दावर अवलंबून असते. बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज हिशेबात धरले जाते. मेहुण्याकडून घेतलेले हातउसने, कृषी केंद्राच्या वहीतली बियाण्या-खताची उधारी, मुलीच्या लग्नात शब्द देऊन उचललेले पैसे यांना कागद नसतो, म्हणून ते चौकशीच्या दृष्टीने घडलेलेच नसतात.

या चौकशीला मी दोष देत नाही. सरकारी तिजोरीतून पैसा द्यायचा तर कागद लागणारच. पण त्या घरातल्या बाईच्या बाबतीत पुढे काय होते, इकडे लक्ष दिले पाहिजे. तीच कहाणी तिला आधी ठाणेदाराला, मग पटवाऱ्याला, मग वार्ताहराला, मग एखाद्या संस्थेच्या कार्यकर्त्याला, मग पुण्या-मुंबईहून आलेल्या विद्यार्थ्याला सांगावी लागते, आणि पाच-सहा वेळा सांगून झाल्यावर ती चौकशीच्या फॉर्मच्याच क्रमाने बोलू लागते. आधी एकर, मग कर्ज, मग नापिकी, मग तो दिवस. या सांगण्यात कुठलीही गोष्ट खोटी नसते, तरी ते तिचे खरे नसते. तिच्या खऱ्यात कदाचित असे असेल, की तो शेवटच्या हंगामात तिच्याशी बोलेनासाच झाला होता. की पराटीला बोंडे धरली तेव्हा दोघे धुऱ्यावर बसून मुलाच्या शिक्षणाचा हिशेब करत होते. की तो पीत होता, हात उचलत होता, आणि तरीही त्याच्यामागे तिचा एकही दिवस त्याच्या आठवणीवाचून जात नाही. यांपैकी शेवटचे वाक्य तिने चौकशीत उच्चारले तर प्रकरण 'अपात्र' ठरण्याची भीती असते. वर्तमानपत्राला सांगितले तर 'बळीराजा'च्या प्रतिमेला डाग लागतो. सासरच्या माणसांसमोर बोलली तर ज्या घरात राहायचे तिथलाच आधार जातो. कर्जाने पिचलेला आणि दारूने बिघडलेला, मायाळू आणि मारकुटा, असा एकच माणूस असू शकतो, हे सांगायला कोणताही फॉर्म नाही. नाटकात, गोष्टीत, गाण्यात मात्र असा माणूस सहज उभा राहतो आणि तो कोणाचा नवरा, हे कोणी विचारत नाही. निदान उघडपणे विचारत नाही.

दुसऱ्याच्या तोंडून सांगितलेली कहाणी कुठवर जाते, याचे यवतमाळ जिल्ह्यातलेच ठळक उदाहरण आहे. २२ जुलै २००८ रोजी लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर बोलताना राहुल गांधी यांनी जळका गावच्या एका विधवेचे नाव घेतले. विषय होता अणुकरार आणि देशाची विजेची गरज. पंधरा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, अविश्वास ठरावाच्या चर्चेत अमित शहा यांनी त्याच बाईंचे नाव घेतले आणि घर, वीज, गॅस ही मदत आपल्या सरकारने पोहोचवली असे सांगितले. त्यानंतर त्या बाईंनी वार्ताहरांना सांगितलेली हकीकत वेगळी होती. कोणत्या पक्षाचे खरे, हा वाद इथे करायचा नाही. देशाच्या सर्वोच्च सभागृहात एका स्त्रीचे आयुष्य दोनदा सांगितले गेले, दोन्ही वेळा ती तिथे नव्हती, आणि दोन्ही वेळा तिची कहाणी दुसऱ्याच कशाचा तरी पुरावा म्हणून वापरली गेली, एवढेच नोंदवायचे आहे. आमच्याकडच्या लोकांना आपली कहाणी उसनी नेली जाण्याची सवय झाली आहे. हातउसन्याचा निदान परतीचा वायदा तरी असतो.

कलेच्या आडोशाने खरे सांगण्याची रीत इथे बाहेरून आणावी लागणार नाही, ती विदर्भातल्या खेड्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पोळ्याचे उदाहरण घ्यावे. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून त्यांना जेवणाचे आवतण दिलेले असते. अमावास्येच्या दुपारी गावची बैलजोडी आखरावर, म्हणजे गावालगतच्या मोकळ्या जागेवर, तोरणाखाली उभी राहते. झुली, बाशिंगे, शिंगांना बेगड, पुढे मानाची जोडी. मग कोणीतरी कास्तकार पुढे होतो, हात वर करतो आणि झडती म्हणू लागतो. झडतीची सुरुवात बैलापासून, वाड्यापासून, कुठल्याही साध्या वस्तूपासून होते, यमकाला यमक जुळत ती पुढे सरकते आणि बघता बघता कापसाच्या भावावर, वीज कंपनीवर, सोसायटीच्या सचिवावर, निवडून आल्यापासून न फिरकलेल्या पुढाऱ्यावर येऊन आदळते. शेवटी 'एक नमन गौरा पार्वती' आणि त्यावर सगळ्या आखराचा 'हर बोला हर हर महादेव'. ज्याच्यावर झडती गेली तो बहुधा तिथेच, पहिल्या रांगेत, फेटा बांधून उभा असतो. त्याला हसावे लागते. रागावला तर झडती आपल्यावर होती हे त्याने स्वतःच कबूल केल्यासारखे होते, आणि म्हणणाऱ्याला विचारले तर त्याने महादेवाचे नाव घेतलेले असते. ज्या माणसाने वर्षभर त्याच सचिवापुढे मान खाली घालून सही केली, तो त्या दिवशी त्याच्यासमोर आपले खरे बोलून घरी पुरणपोळी खायला जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे मारबत, म्हणजे पीडांचा पुतळा, काढताना, गावाबाहेर हाकलायच्या पीडांच्या यादीतही असेच कोणाकोणाचे नाव गुंफले जाते.

पोळा पुरुषांचा, बायकांचा आडोसा वेगळा होता. पश्चिम विदर्भात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. त्यांतली सून माहेरी जायची परवानगी मागते, आणि तिला वेल लावायला, मग त्याला फूल येईपर्यंत, फळ येईपर्यंत, भाजी होईपर्यंत थांबायला सांगितले जाते. दहा-बारा वर्षांच्या मुली हे हसत, टाळ्या देत म्हणतात आणि नंतर खिरापत ओळखण्यात दंग होतात. ऐकणाऱ्या बायका मात्र गप्प होतात, कारण त्यांना त्या गाण्यातली सासू कोण ते माहीत असते. जात्यावरच्या ओवीचेही असेच होते. पहाटेच्या अंधारात, घरघरीच्या आवाजाखाली, 'बाई'ला उद्देशून जे म्हटले जाई ते भिंतीपलीकडच्या माणसाला ऐकू जाई आणि तरी ते कोणाला बोलले असे होत नसे. जाते गेले ते बरेच झाले. पिठाच्या गिरणीने बायकांच्या खांद्यांवरचा मोठा भार उतरवला, आणि ओवीसाठी कोणी पुन्हा दळायला बसावे असे म्हणणे हा शहरी उमाळा आहे. पण जात्याबरोबर ती पहाटेची जागा गेली आणि तिच्या बदल्यात दुसरी जागा तयार झाली नाही, हेही तितकेच खरे. बचत गटाची बैठक ही आज खेड्यातल्या बायकांना घराबाहेर एकत्र बसण्याची जवळजवळ एकमेव मान्य जागा आहे. तिथे हप्ता भरला जातो, रजिस्टरवर सह्या होतात, आणि इतिवृत्तात जे लिहिता येत नाही ते उठता उठता, चपला घालताना बोलले जाते.

या परंपरेतला सर्वांत मोठा माणूस म्हणजे गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या या परीटाच्या मुलाचा बाप दारूने संपला आणि ज्या मामाच्या घरी तो वाढला त्या मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. ही त्यांची अगदी खासगी दुःखे. कीर्तनात ती आली ती प्रश्न होऊन. कर्ज काढून सण कशाला करता, कर्ज काढून तेरवी कशाला घालता, दारूने कोणाचे भले झाले, असे बाबा विचारत आणि समोरचा समुदाय उत्तर देत असे. उत्तर देणाऱ्याला ठाऊक असे, की हा माणूस पोथीतले बोलत नाही. आणि तरी आपल्या बापाचे नाव घेऊन कोणाची दया गोळा करण्याचा प्रकार तिथे नव्हता. खराटा, डोक्यावरचे गाडगे, चिंध्यांचा सदरा, वऱ्हाडी बोली आणि सवाल-जबाबाची ती पद्धत, हे सगळे मिळून एक रूप होते आणि त्या रूपावर त्यांची संपूर्ण मालकी होती. कोकणात कीर्तन चालू असताना मुलगा गेल्याची तार आली आणि कीर्तन थांबले नाही, असे त्यांच्या चरित्रांत सांगतात. या प्रसंगाचे आपण नेहमी वैराग्य म्हणून कौतुक करतो. मला त्यात एक अनुभवी कलावंतही दिसतो, ज्याला आपले रूप इतके पक्के सापडले होते की सर्वांत मोठा घावही त्यातच मावला.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप गावातूनच येतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. कापसाला भाव पाहिजे, ओलिताला पाणी पाहिजे, बोंडअळीवर उपाय पाहिजे. नाटक आणि गोष्टी घेऊन काय करता? नाटकाने भाव वाढत नाही, हे मान्यच आहे. कलेला मदतीच्या योजनेचा पर्याय म्हणून उभे करणारा माणूस लबाड असतो. पण योजना तरी कशाच्या आधाराने आखल्या जातात? १ जुलै २००६ रोजी तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात दुधाळ गाई वाटण्याचाही कार्यक्रम होता. कागदावर तो निर्दोष दिसतो: जोडधंदा, रोजचे उत्पन्न, कापसावरचे अवलंबन कमी. प्रत्यक्षात कोरडवाहू गावात चारा कोठून आणायचा, उन्हाळ्यात पाणी कोठून, आणि दिवसभर निंदायला जाणाऱ्या बाईने त्या जनावराकडे पाहायचे केव्हा, असे प्रश्न पडून कित्येक घरांना ती गाय पोसणे जड गेले आणि त्यावर टीकाही भरपूर झाली. त्या बायकांचे एकर आणि कर्ज किती, याची माहिती सरकारकडे होती. त्यांचा दिवस कसा जातो, ही माहिती कोणत्याच रकान्यात नव्हती. ती एखाद्या भुलाबाईच्या गाण्यात सापडली असती, असा माझा दावा नाही. पण ज्या समाजाला आपल्या शेजारणीचा दिवस गोष्टीतून ऐकायची सवय असते त्याला गाय वाटण्याआधी दोन प्रश्न तरी सुचतात.

दुसरा आक्षेप सत्याच्या बाजूने येतो. कला म्हटली की मीठ-मसाला आला. मग खरे काय आणि रचलेले काय, हे कळायचे कसे? पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांकडे बोट दाखवून हा आक्षेप सहज घेता येतो. भाऊबीजेपासून होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत रात्र-रात्र नाटके चालतात. वडसा हे त्यांचे ठाणे. गावोगावची मंडळे शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, किंवा मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, निमित्ताने कंपन्या बोलावतात, पाहुण्यारावळ्यांनी घरे भरतात, नाटकाच्या मांडवाशेजारी सोयरिकी जुळतात. या रंगभूमीवरचे एक कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा राज्याच्या उरलेल्या भागात अनेकांना ती असल्याचा शोध लागला. या नाटकांत रडारड भडक असते, योगायोग बेसुमार असतात, मध्येच नाचगाणे घुसते, हे सगळे खरे आहे. पण पहाटे तीनला, अंगावर घोंगडे ओढून, धान निघाल्यावर हाती आलेल्या पैशातून तिकीट काढून बसलेला प्रेक्षक मूर्ख नसतो. भावाभावांत जमिनीची वाटणी होण्याचा प्रवेश लागला की मांडवातली शांतता बदलते. नाटककाराने प्रवेश भडक लिहिला, हे त्याला कळते; आणि तो प्रवेश आपल्या घरी कसा झाला होता, तेही कळते. या दोन गोष्टी एकाच वेळी कळणे यालाच रसिकता म्हणतात आणि तिचा मक्ता शहरातल्या वातानुकूलित नाट्यगृहांकडे नाही.

शिवाय, एकाच घटनेच्या अनेक आठवणी असतात आणि त्या सगळ्यांना जागा देता येते, हे तर विदर्भाच्याच भूमीने मराठी गद्याला पहिल्यांदा शिकवले. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'साठी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा केल्या तेव्हा ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन ते विचारत राहिले. महानुभावांच्या ग्रंथपरंपरेत एकाची आठवण दुसऱ्याहून वेगळी निघाली तर ती वेगळी म्हणून नोंदवण्याची रीतही आहे. त्या आठवणींत तत्त्वज्ञान आहे, तसेच भिक्षेचे, चालण्याचे, रुसण्याचे, बायकांनी विचारलेल्या भाबड्या आणि अवघड प्रश्नांचे तपशीलही आहेत. शिष्या महदाइसेचा प्रश्न महदाइसेचाच राहतो. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आले आहे. त्याने जुन्या पोथ्या अभ्यासाव्यातच. पण पोथी ज्या पद्धतीने तयार झाली ती पद्धत, म्हणजे माणसाकडे जाणे आणि त्याचे म्हणणे त्याच्या नावे, त्याच्या बोलीत ठेवणे, आजच्या मोर्शी-चांदूरबाजारच्या संत्रा बागाईतदाराला आणि त्याच्या सालदाराला लावून पाहिली, तर त्या विद्यापीठाचे तिथे असणे अधिक सार्थ होईल.

बोलीचा मुद्दा इथे टाळता येत नाही. वऱ्हाडी आणि झाडीबोली यांना मराठी मनोरंजनाने विनोदाचे खाते दिले आहे. सिनेमात वऱ्हाडी बोलणारा माणूस आला की प्रेक्षक हसण्याच्या तयारीत बसतात आणि मोबाइलवरचे वऱ्हाडी व्हिडिओही बहुतेक त्याच तयारीवर चालतात. त्यांतले काही फक्कड असतात, हे कबूल. पण याचा परिणाम असा, की आमच्याकडची एखादी मुलगी स्नेहसंमेलनात आपल्या आजीची खरी गोष्ट 'मले', 'तुले', 'काहून' म्हणत सांगू लागली, तर मास्तरांसकट सगळे पहिल्या वाक्याला हसतात. दुसऱ्या वेळी ती पाठ केलेली प्रमाण मराठी बोलते आणि तिची आजी त्या भाषेत मावत नाही. निबंधाच्या वहीतली 'माझी आई' पहाटे उठून सडा-रांगोळी करते आणि सर्वांना प्रेमाने वाढते, कारण गाइडमध्ये तसे आहे. ती मुलगी ज्या आईच्या हातची भाकर खाऊन शाळेत आली ती आई त्या वेळी सरकी टोबायला वावरात गेलेली असते. या शाळांना नव्या योजनेची गरज नाही. गॅदरिंगमधल्या सिनेगीतांच्या नाचांतून अर्धा तास काढून मुलांना आपल्या घरची एक गोष्ट, नावे बदलून, हवे तर शेवट बदलून, स्वतःच्या बोलीत उभी करू द्यावी. नावे आणि शेवट बदलायची मुभा आधी जाहीर केली पाहिजे, नाहीतर मुले पुन्हा गाइडकडे वळतील.

हीच मुभा मोठ्यांच्या बाबतीत जास्त काटेकोरपणे पाळावी लागेल. खऱ्या घरांतल्या बायकांना रंगमंचावर आणणारे प्रयोग मोलाचे आहेत, पण त्यांची धोक्याची जागाही स्पष्ट दिसते. प्रेक्षकाला 'ही खरीच विधवा आहे' हे कळले की तो अभिनय पाहणे सोडतो आणि जखम पाहू लागतो. टाळ्या कामाला मिळतात की कपाळाला, हे मग त्या बाईलाही सांगता येत नाही. म्हणून अशा प्रयोगांत एकीची कहाणी दुसरीने करावी, कोणती कोणाची हे जाहिरातीत सांगू नये, कामाचे मानधन मदत म्हणून न देता मेहनताना म्हणून द्यावे, आणि एखाद्या प्रयोगापासून पुढे मला ही भूमिका करायची नाही असे तिने म्हटले तर कारण विचारू नये. आयुष्यभर 'आत्महत्याग्रस्त' या विशेषणाखाली राहायचे की नाही, हेही तिलाच ठरवू द्यावे. ज्या बाईला उद्या विनोदी नाटकात झगडालू शेजारीण करावीशी वाटेल, तिला ती भूमिका मिळाली पाहिजे. साहित्य संमेलने, नाट्य परिषदेच्या शाखा, सरकारचे सांस्कृतिक कार्य खाते आणि आपल्यासारखे प्रेक्षक यांनी ग्रामीण कलावंताकडे दाखला मागणे थांबवले, तर यातले बरेचसे आपोआप होईल. शहरी लेखकाने दुःखाची कादंबरी लिहिली तर आपण त्याला ती घटना घडल्याचा पुरावा मागत नाही. खेड्यातल्या माणसाला मात्र आपण कल्पनेचा हक्क नाकारतो आणि वर त्याच्या सच्चेपणाचे कौतुक करतो.

या सगळ्या चर्चेत एक मोठी गैरहजेरी आहे. कहाणी सांगतात त्या मागे राहिलेल्या बायका. जो अजून जिवंत आहे, ज्याचा सातबारा गहाण आहे, जो दर गुजरीला, म्हणजे बाजाराला, ओळखीच्या माणसांची नजर चुकवत फिरतो, त्याची कहाणी कोणी ऐकत नाही, कारण ती अजून 'घटना' झालेली नाही. भजनी मंडळात तो टाळ वाजवतो, पण तिथले शब्द संतांचे असतात. पारावर तो बसतो, पण तिथे रडगाणे गाणाऱ्याची टिंगल होते. त्याच्यासाठी झडती होती. ती वर्षातून एकदाच येते, आणि आता बैलांच्या जागी ट्रॅक्टर आल्याने कित्येक गावांत तोरणाखाली जेमतेम काही जोड्या उभ्या राहतात. ज्या गावांत पोळा अजून जोरात भरतो तिथे मंडपावर पुढाऱ्यांचे फलक असतात आणि बक्षिसे ठेवलेली असतात ती बैलांच्या सजावटीला. ग्रामपंचायतीने त्यातले एक बक्षीस झडतीला ठेवावे आणि परीक्षक म्हणून बाहेरचा माणूस बोलावू नये; कोणती झडती कुठे लागली, हे आखरावर उभ्या असलेल्या लोकांना कोणीही समजावून सांगण्याची गरज नसते.